पडद्यावरचा कागद आणि वकिलाची सही

मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये प्राप्तिकर खात्याचा एक करनिर्धारण-आदेश रद्द केला. असे आदेश न्यायालयात पुष्कळदा रद्द होतात व त्यात नवल करावे असे काही नसते. परंतु या आदेशात अधिकारी महाशयांनी ज्या तीन निवाड्यांचा आधार घेतला होता, ते तीनही निवाडे कोणत्याही न्यायालयाने कधी दिलेलेच नव्हते. कोट्यवधी रुपयांची आकारणी अशा पायावर उभी होती, की जो पाया खणून पाहता हाती मातीही लागू नये. कृत्रिम बुद्धीच्या या युगात यंत्राने पुढे टाकलेल्या उत्तरावर डोळे मिटून विसंबता येणार नाही, ते वापरण्यापूर्वी पडताळून पाहिलेच पाहिजे, असे न्यायालयाला बजावावे लागले. ज्या व्यवस्थेतून हा आदेश निघाला तिचे नाव 'फेसलेस', म्हणजे चेहरा नसलेली, असे आहे. नाव ठेवणाऱ्याच्या मनात लाचलुचपत टाळण्याचा सद्‌हेतू होता यात शंका नाही. पण चेहरा गेला की चेहऱ्याबरोबर लाजही जाते, हे त्याच्या ध्यानी आले नसावे.

हा अपराध एका सरकारी अधिकाऱ्याचा होता म्हणून वकीलवर्गाने हात झटकण्याचे कारण नाही. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली वकिलांकडून नेमके हेच घडले होते. विमानात खाद्यपदार्थांची गाडी गुडघ्यावर आदळून जखमी झालेल्या एका प्रवाशाने 'आव्हियांका' या विमान कंपनीवर दावा लावला होता. त्याच्या वकिलाने 'चॅटजीपीटी' या यंत्राला पूर्वनिर्णय विचारले, यंत्राने ते तत्परतेने रचून दिले, आणि हे निर्णय खरे आहेत ना, असे विचारल्यावर 'खरे आहेत' असेही सांगितले. तीस वर्षे वकिली केलेल्या त्या गृहस्थाने एवढ्यावर समाधान मानले. साक्षीदाराला त्याच्याच साक्षीबद्दल प्रमाणपत्र मागावे व त्याने ते द्यावे, असा हा प्रकार. न्यायाधीशांनी पाच हजार डॉलर दंड ठोठावला. रक्कम मामुली होती. बदनामी जगभर झाली.

तंत्रज्ञानाने वकिली व्यवसायात जे परिवर्तन चालविले आहे त्याचा विचार या दोन प्रकरणांच्या उजेडात करावा असे आम्हाला वाटते. परिवर्तन वाईट आहे असे म्हणण्याचा आमचा मुळीच आशय नाही. ज्याने गोव्यातील न्यायालयांच्या ओट्यावर तारखेची वाट पाहत दिवस काढले आहेत, त्याला हे परिवर्तन किती उपकारक आहे ते सांगावे लागत नाही. सत्तरीतल्या शेतकऱ्याला आपला दावा आज बोर्डावर आहे की नाही, हे कळण्यासाठी पूर्वी वकिलाच्या दारात जावे लागे, किंवा बस पकडून शहर गाठावे लागे. आणि बहुतेक वेळा 'पुढली तारीख' एवढे दोन शब्द घेऊन परतावे लागे. आज प्रत्येक दाव्याला सोळा अक्षर-अंकांची स्वतंत्र ओळख मिळाली आहे व ती मोबाइलवर टाकली की तारीख, आदेश, दाव्याचा टप्पा सारे दिसते. देशभर किती दावे किती वर्षे तुंबले आहेत याचा हिशेब २०१५ पासून कोणालाही पाहता येतो. हा हिशेब पूर्वी न्यायखात्याच्या कपाटात असे.

ग्रंथालयाची गोष्ट तीच. नागपूरच्या 'ऑल इंडिया रिपोर्टर'चे १९१४ पासूनचे खंड ज्याच्या कार्यालयात ओळीने लागलेले, तो वकील मोठा, अशी समजूत होती आणि ती अगदीच खोटी नव्हती. ज्याच्याकडे खंड नाहीत त्याला निवाडे सापडत नसत, व सापडत नसत म्हणून त्याचा पक्ष लंगडा पडे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ पासून आपले सुमारे ३४ हजार अधिकृत निवाडे विनामूल्य खुले केले. काणकोणचा नवशिका वकील व दिल्लीचा नामांकित ज्येष्ठ वकील, दोघांच्या पुढे आता तेच पान उघडते. वकिली व्यवसायात एवढी समानता पूर्वी कधी आली होती असे आम्हाला आठवत नाही.

दूरस्थ सुनावणीचा लाभ तर गोमंतकीयांना इतरांहून अधिक. साक्षीदार न्यायालयात देहाने हजर नसला तरी दृक्-श्राव्य साधनाने साक्ष देऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली डॉ. प्रफुल्ल देसाई यांच्या मुंबईतील खटल्यात मान्य केले होते. पण सतरा वर्षे ही सवलत अपवाद म्हणून राहिली. महामारीने अपवादाचा नियम केला. ६ एप्रिल २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपल्या विशेषाधिकारात आदेश काढून देशातल्या न्यायालयांना या मार्गावर आणले. आमच्या येथे एकेका घराचे वारस लिस्बन, लंडन, आखाती देश असे विखुरलेले. इन्वेंतारची, म्हणजे वारसा-वाटणीची प्रकरणे एखाद्या वारसाच्या मुखत्यारपत्रासाठी वर्षानुवर्षे खोळंबत. ती आता हलू शकतात. आणि तरीही या व्यवस्थेचे नियम करणाऱ्यांनी एक दक्षता घेतली आहे ती लक्षात घेण्याजोगी आहे. साक्षीदार परदेशी असेल तर त्याच्या टोकाला भारतीय वकिलातीचा अधिकारी असावा, अशी तरतूद आहे. पडद्यावर दिसणारा मनुष्य तोच आहे, त्याच्या मागे उभे राहून कोणी पढवीत नाही, याची ग्वाही देणारा दुसरा मनुष्य लागतो. कॅमेऱ्याला ते काम जमत नाही.

आमच्या मते साऱ्या प्रश्नाचा गाभा येथे आहे. कागद, आवाज, चित्र काहीही क्षणात कोठल्या कोठे पोचविणे यंत्राला साधले आहे. त्या कागदाच्या मागे कोण उभा आहे, हा प्रश्न मात्र जसाच्या तसा शिल्लक राहिला आहे. किंबहुना अधिक बिकट झाला आहे.

जालना विधानसभा मतदारसंघाच्या प्रकरणात हे ठसठशीतपणे दिसले. २०१४ च्या निवडणुकीत अर्जुन खोतकर अवघ्या २९६ मतांनी विजयी झाले. त्यांचे प्रतिस्पर्धी कैलास गोरंट्याल यांनी निवडणूक याचिका केली. आक्षेप असा, की खोतकरांचे उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर दाखल झाले. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांनी सारे टिपले होते. पुरावा इतका बोलका, पण त्याला जोडावयाचे प्रमाणपत्र कोणी देईना. पुरावा कायद्याच्या ६५-ब कलमान्वये अशा चित्रणाच्या प्रतीबरोबर, यंत्राचा ताबा असलेल्या जबाबदार व्यक्तीची सही हवी. याचिकाकर्त्यांनी अधिकाऱ्यांकडे वारंवार मागणी केली; अधिकारी मौन. अखेर निवडणूक अधिकाऱ्याच्या तोंडी साक्षीतून जे निघाले त्यावर उच्च न्यायालयाने २०१७ साली निवडणूक रद्दबातल केली व सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी तो निर्णय कायम केला. मात्र तो करताना सर्वोच्च न्यायालयाने निक्षून सांगितले, की मूळ यंत्रच न्यायालयात आणले असेल तर गोष्ट वेगळी. प्रत दाखल करावयाची तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे. पक्षकाराने आपल्याकडून सर्व प्रयत्न केले व तरीही ते मिळाले नाही, तरच सूट. (निकाल लागला तेव्हा ती विधानसभा विसर्जित होऊन, पुढली निवडणूकही होऊन गेली होती व तीत गोरंट्यालच निवडून आले होते. न्यायदानाच्या वेगाबद्दल यंत्रांना दोष देता येणार नाही.)

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम अमलात आला. त्याच्या ६३ व्या कलमाने हे बंधन सैल केले नाही, उलट आवळले. प्रमाणपत्राचे आता दोन भाग आहेत: एक पुरावा सादर करणाऱ्याने भरावयाचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात त्या अभिलेखाचे 'हॅश' नमूद करावे लागते. हे 'हॅश' म्हणजे काय ते वाचकांनी समजून घ्यावे, कारण उद्या त्यांच्या स्वतःच्या दाव्यात ते येणार आहे. संगणकातील मजकुरावर ठरावीक गणित करून अक्षर-अंकांची एक मालिका काढतात. मजकुरातला एक अनुस्वार जरी बदलला तरी ती मालिका पूर्ण बदलते. त्यामुळे जप्तीच्या दिवशी काढलेली मालिका व साक्षीच्या दिवशी काढलेली मालिका जुळली, तर मधल्या काळात कोणी हात लावला नाही असे म्हणता येते. बापजाद्यांच्या काळी लाखेची मुद्रा जे काम करी ते हे काम आहे. पण लाखेच्या मुद्रेला जी मर्यादा होती तीच या गणितालाही आहे. लखोटा फोडलेला नाही एवढेच मुद्रा सांगते. लखोट्यात प्रथम जे घातले ते खरे होते की खोटे, हे ती सांगत नाही.

गोमंतकाला या मर्यादेचा धडा फार महाग पडला आहे. बार्देशातील व अन्यत्रच्या जमिनी बनावट दस्तऐवजांच्या आधारे हडपल्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की जून २०२२ मध्ये सरकारला पोलिसांचे विशेष तपास पथक नेमावे लागले व पुढे निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्यीय आयोग बसवावा लागला. तपासात पुढे आलेला आरोप अंगावर काटा आणणारा होता. परदेशी गेलेल्या किंवा निर्वंश झालेल्या मालकांच्या नावे पोर्तुगीज काळातले वाटावेत असे कागद तयार करावयाचे, ते सरकारी दप्तरातल्या जुन्या बाडांत नेऊन घालावयाचे, आणि मग त्याच दप्तरातून त्यांची रीतसर प्रमाणित नक्कल मागावयाची! नक्कल खरी, शिक्का खरा, कारकुनाची सही खरी. खोटे होते ते फक्त मूळ. ज्या पुराभिलेखाचा उगम १५९५ साली दियोगु दु कौतु याच्या नेमणुकीपर्यंत जातो, त्या भांडाराबाबत असा आरोप व्हावा, याहून लाजिरवाणे काय असू शकते?

आता अशा बाडाचे पान यंत्राखाली धरून त्याचे चित्र संगणकात साठविले, तर काय होईल? जुन्या पिढीतला वकील दस्तऐवज हाती आला की आधी तो वाचीत नसे, चाचपून पाही. 'पापेल सेलादु' म्हणजे मुद्रांकित कागद त्या सालचा आहे ना, शाई कागदात मुरलेली आहे की वर तरंगते आहे, बाडाची शिवण मध्येच उसवून पुन्हा घातलेली तर नाही, नोताराचे वळण त्याच्या इतर दस्तांशी जुळते का, हे तो बोटांनी व नजरेने तपाशी. पडद्यावरच्या चित्राला पोत नसतो आणि शिवणही नसते. तेथे अस्सल पान व घुसडलेले पान एकाच पंक्तीला, सारख्याच उजळ चेहऱ्याने बसतात. वर त्या चित्राला 'हॅश' मिळाले की बनावट कागद कायमचा सुरक्षित झाला!

केंद्र सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये ई-न्यायालय योजनेच्या तिसऱ्या टप्प्यासाठी ७ हजार २१० कोटी रुपये मंजूर केले. त्यांतील २ हजार ३८ कोटी केवळ न्यायालयीन अभिलेखांचे संगणकीकरण व जतन यांसाठी आहेत. ही रक्कम न्यायालयांच्या दप्तरासाठी आहे, जमीन-दप्तरासाठी नव्हे, हे आम्ही जाणतो. पण दोन्हीकडे काम करण्याची रीत एकच असते. ठेका दिला जातो, दर पानामागे ठरतो, आणि पाने किती झाली याचा आकडा मंत्रिमहोदय सभेत सांगतात. बाडे चित्रित होण्यापूर्वी जाणकाराने तपासली होती काय, संशयास्पद पानावर तशी नोंद केली काय, कोणी कोणत्या दिवशी मुळाबरोबर ताडून पाहिले त्याचे नाव चित्राबरोबर जतन झाले काय, हे प्रश्न विधानसभेत कोणी विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

जाणकार तरी कोठून आणावयाचे, हा पुढला प्रश्न. आणि तो निव्वळ तांत्रिक नव्हे, भाषेचा आहे. १ जुलै १८७० पासून गोव्यात लागू झालेल्या पोर्तुगीज नागरी संहितेचे सरकारी इंग्रजी भाषांतर व्हायला २०१८ साल उजाडावे लागले. मुक्तीला तेव्हा जवळजवळ ५७ वर्षे लोटली होती. या काळात वारसा, वैवाहिक मालमत्ता यांसारखे घराघरातले प्रश्न ज्या कायद्याने सुटावयाचे, तो कायदा वाचता येणारे वकील एकेक करून निवर्तले. देवस्थानांचे वाद १९३३ च्या महाजनी नियमनावर चालतात. त्याचे मूळही पोर्तुगीजच. त्याही मागे जावे तर गावोगावच्या दप्तरांत मोडी आणि जुनी कन्नड लिपी. एका जमिनीचा इतिहास चार लिप्यांतून वाहत आलेला, आणि तो आज ज्याच्या हाती पडतो त्या तरुण वकिलाला त्यांतली एकही धड येत नाही.

यंत्र भाषांतर करील, असे आता सांगितले जाते. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये 'सुवास' ही भाषांतरप्रणाली सुरू केली. तिच्यामुळे कित्येक निवाडे मराठीत उपलब्ध झाले, हे आम्ही आनंदाने नमूद करतो. हरलेल्या माणसाला आपण का हरलो हे आपल्या भाषेत वाचता येणे, हा त्याचा हक्कच आहे. पण त्या न्यायालयातील एका न्यायमूर्तींनीच सांगितलेली गोष्ट ध्यानात ठेवावी. 'लीव्ह ग्रँटेड', म्हणजे अपिलास परवानगी दिली, या शब्दांचे यंत्राने हिंदीत 'छुट्टी स्वीकार' असे केले होते. न्यायमूर्तींना इंग्रजी व हिंदी दोन्ही येत होत्या म्हणून चूक हसण्यावारी गेली. उद्या शंभर वर्षांपूर्वीच्या आफ्रामेंतच्या दस्तातील एखाद्या पोर्तुगीज संज्ञेचे यंत्राने असेच काही केले, आणि वकील, प्रतिवकील, न्यायाधीश तिघांपैकी कोणालाच मूळ भाषा येत नसली, तर हसणार कोण? भाटकाराचे किंवा कुळाचे घर मात्र जाईल.

तरुण वकिलांबद्दल दोन शब्द अवश्य लिहिले पाहिजेत. ज्येष्ठाच्या हाताखालचा कनिष्ठ वकील पाच-सहा वर्षे जी कामे करी, म्हणजे निवाडे शोधणे, टिपणे काढणे, दाव्याचा कच्चा मसुदा लिहिणे व तो तीनदा फाडला गेला की चौथ्यांदा लिहिणे, नेमकी तीच कामे यंत्र आता पाच मिनिटांत करते. ज्येष्ठ खूश आहेत. पण तीच कामे करता करता कनिष्ठाचा ज्येष्ठ होत असे, हे विसरता कामा नये. एक निवाडा शोधताना जो दहा निवाडे वाची, त्याला अकराव्या वेळी खोट्या निवाड्याचा वास येई. ज्याने शोधणेच केले नाही, त्याला तो वास कसा यावा? न्यूयॉर्कचा तो वकील तीस वर्षांचा अनुभवी असून फसला. ज्याची सुरुवातच यंत्रापासून झाली त्याचे काय होईल, याची कल्पना करवत नाही. कनिष्ठाला वेतनाच्या नावाने बस-भाडे देण्याची आपल्याकडील थोर परंपरा पाहता, यंत्र आल्यावर तेही देणे ज्येष्ठांना जड वाटेल, ही भीती आम्हाला आहे.

केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी धोरण ठरवून, निर्णय देण्याच्या कामी कृत्रिम बुद्धीच्या साधनांचा वापर करण्यास मनाई केली. हे योग्यच झाले. परंतु ते बंधन न्यायाधीशांवर व न्यायालयीन सेवकांवर आहे. वकीलवर्गाने आपले आपण काही ठरविले पाहिजे. आमची सूचना साधी आहे. न्यायालयापुढे ठेवलेला प्रत्येक निवाडा मी मुळातून वाचला आहे, आणि दाखल केलेल्या प्रत्येक प्रतीचे मूळ मी पाहिले आहे, किंवा पाहिले नसल्यास कोणी पाहिले ते अमुक, असे दोन ओळींचे निवेदन वकिलाच्या सहीने प्रत्येक अर्जाखाली असावे. पणजी, मडगाव, म्हापसा येथील वकील संघटनांनी ठरविले तर त्यासाठी दिल्लीच्या आदेशाची वाट पाहावी लागणार नाही. तज्ज्ञाच्या प्रमाणपत्राचा प्रश्न मात्र सरकारनेच सोडविला पाहिजे. पेडण्याच्या एखाद्या गरीब फिर्यादीने आपल्या मोबाइलवरील धमकीचा संदेश न्यायालयात सिद्ध करण्यासाठी तज्ज्ञ कोठून आणावा, आणि त्याचे शुल्क कोठून भरावे? ज्याच्यापाशी पैसा आहे त्याचा पुरावा दाखल व्हावा व ज्याच्यापाशी नाही त्याचा बाहेर राहावा, हे कायदा करणाऱ्यांना अभिप्रेत नसणार. प्रत्येक जिल्ह्यात सरकारी खर्चाने असा एक तज्ज्ञ नेमणे ही काही चंद्र मागण्यासारखी गोष्ट नाही.

आणि पोर्तुगीजचे काय? गोवा विद्यापीठात त्या भाषेचे अध्यापन चालते. मिरामारला १९७३ पासून कायद्याचे महाविद्यालय आहे. दोघांनी एकत्र बसून दस्तवाचनाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आखला, त्यात मोडीलाही जागा ठेवली, आणि तो उत्तीर्ण झालेल्यांनाच बाडे तपासण्याच्या कामावर घ्यावे असे सरकारने ठरविले, तर दरवर्षी वीस-पंचवीस तरुण तयार होतील. जुने दस्त वाचू शकणारी जी काही वृद्ध मंडळी अद्याप आपल्यात आहेत, त्यांच्याकडून हे ज्ञान घ्यावयाचे तर ते पुढल्या चार-पाच वर्षांत घ्यावे लागेल. बाडे चित्रित करण्याचे काम त्यांच्यासाठी थांबलेले नाही.